फळबागेतील गवत असमान कापले जाते? ट्रॅक्टरचलित मोवरची तपासणी अशी करा

द्राक्ष, डाळिंब, संत्रा, आंबा अशा बागांत दोन ओळींमधील गवत उपटून न टाकता कापून तिथेच आच्छादन म्हणून ठेवण्याची पद्धत वाढत आहे. त्यासाठी मिनी ट्रॅक्टरमागे फिरत्या पात्यांचा मोवर जोडला जातो. मात्र कुठे गवत उभे राहते, कुठे जमीन खरडली जाते, तर कुठे कापलेल्या गवताचे गोळे पडतात. मग दुसरी फेरी मारावी लागते आणि डिझेल व वेळ दोन्ही वाया जातात. उभे राहिलेले गाजर गवत फुलावर येऊन बी धरते, ते नुकसान वेगळेच.

अशा वेळी बहुतेक जण थेट पाती बदलतात. परंतु दोष अनेकदा टायरमधील हवा, यंत्राची पातळी किंवा ट्रॅक्टरच्या वेगात असतो. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी कापलेला पट्टा नीट पाहावा.

सर्वात आधी सुरक्षितता

- तपासणीपूर्वी पीटीओ बंद करा, इंजिन बंद करून चावी काढा आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबा.
- केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर यंत्राखाली हात घालू नका. खाली भक्कम लाकडी ठोकळे लावा.
- पात्यांना हात लावताना जाड हातमोजे वापरा.
- यंत्र चालू असताना मजूर व मुले यांना लांब ठेवा. पात्याखाली आलेला दगड किंवा तारेचा तुकडा गोळीसारखा उडतो.

दोष जमिनीचा की यंत्राचा?

शक्य तितक्या सपाट जागेवर 20 मीटरचा एक पट्टा कापा. त्याच्या शेजारी दुसरा पट्टा उलट दिशेने येत कापा. दोन्ही पट्ट्यांत यंत्राच्या त्याच बाजूला (उदा. डाव्या) गवत उंच राहिले, तर दोष यंत्रात आहे. सपाट जागी कापणी चांगली होते, पण बागेत ठराविक ठिकाणीच बिघडते, असे असेल तर तेथील उंचवटा, वरंबा किंवा ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेली चाकोरी हे कारण आहे. तेथे जमीन सारखी करावी किंवा कापणीची उंची वाढवावी.

पट्ट्यावरून कारण ओळखा

- एक बाजू उंच, दुसरी खरडलेली: डावी-उजवी पातळी बिघडली आहे किंवा टायरमधील हवा कमी-जास्त आहे.
- दोन पात्यांच्या मधोमध न कापलेली रेघ: पात्यांची टोके झिजली आहेत, एखादा बेल्ट घसरतो आहे किंवा वळण फार तीव्र घेतले जाते.
- लाटांसारखी उंच-सखल कापणी: वेग जास्त असल्याने यंत्र उसळते किंवा ते चाकांवर न टेकता हायड्रॉलिकवर लटकते आहे.
- टायरच्या रुंदीएवढे गवत उभे: टायरखाली दबलेले गवत पाते पुढे गेल्यावर पुन्हा उठते. वेग कमी करा आणि पुढची कापणी उलट दिशेने करा.
- शेंडे फाटलेले, नंतर तपकिरी पडलेले: पाती बोथट आहेत किंवा त्यांचा वेग कमी पडतो.
- गवताचे गोळे व ढीग: गवत ओले किंवा फार उंच आहे, अथवा यंत्राच्या आत गवत साचले आहे.

तपासणीचा क्रम

1. हवा: ट्रॅक्टरच्या दोन्ही मागील टायरमधील हवा सारखी करा. यंत्राला हवेची चाके असतील तर तीही तपासा.

2. डावी-उजवी पातळी: ट्रॅक्टर सिमेंटच्या सपाट जागेवर उभा करून यंत्र कापणीच्या उंचीवर ठेवा. पाती आडवी फिरवून दोन्ही कडांच्या पात्यांच्या टोकांपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजा. फरक 3 मिमीपेक्षा जास्त नसावा. चार चाकांच्या यंत्रात तो चाकांच्या उंचीने, तर लटकत्या यंत्रात लिफ्ट रॉडच्या लेव्हलिंग हँडलने दुरुस्त करा.

3. पुढची-मागची पातळी: पाते पुढच्या बाजूला 6 ते 10 मिमी खाली असावे, यंत्राच्या माहितीपुस्तिकेत वेगळा आकडा असल्यास तो पाळावा. मागची बाजू खाली राहिली तर कापलेले गवत पुन्हा कापले जाते आणि इंजिनवर भार येतो.

4. टॉप लिंक व हायड्रॉलिक: चार चाकांचा मोवर काम करताना आपल्या चाकांवर टेकलेला हवा. हायड्रॉलिकचा लिव्हर पूर्ण खाली घ्या आणि टॉप लिंकला थोडी मोकळीक ठेवा, म्हणजे यंत्र जमिनीप्रमाणे वर-खाली होईल. यंत्र आडवे झुलू नये यासाठी चेकचेन आवळा.

5. वेग: बहुतेक मोवर 540 आरपीएम पीटीओसाठी असतात. ट्रॅक्टरच्या मीटरवर 540 पीटीओची खूण असते, तेवढे इंजिन आरपीएम ठेवा. डिझेल वाचवण्यासाठी रेस कमी केल्यास पाते गवत कापण्याऐवजी वाकवते. रेस तीच ठेवून खालचा गिअर घ्या. दाट गवतात ताशी 3 ते 4 किमी वेग पुरेसा आहे. 50 मीटर अंतर 45 सेकंदांत पार झाले, तर वेग ताशी 4 किमी आहे.

6. पाती: पात्याचे एक टोक जमिनीपासून मोजा, अर्धा फेरा फिरवून त्याच जागी दुसरे टोक मोजा. फरक 3 मिमीपेक्षा जास्त असेल तर पाते किंवा स्पिंडल वाकले आहे. वाकलेले पाते ठोकून सरळ न करता बदलावे. धार मूळ उताराच्या बाजूनेच लावा आणि दोन्ही टोकांकडून सारखेच लोखंड घासा. मधल्या छिद्रातून खिळ्यावर टांगल्यास पाते एका बाजूला झुकू नये. झुकल्यास जड बाजू थोडी घासा. असमतोल पाते बेअरिंग लवकर खराब करते. बसवताना उंचावलेली मागची कड वरच्या बाजूला हवी. जुनी व नवी पाती मिसळू नका.

7. बेल्ट व स्पिंडल: बेल्ट चकाकणारा, भेगाळलेला किंवा जळका वास येणारा असेल तर तो घसरतो आहे. स्पिंडलला सुतळी, बांधणीची तार किंवा ठिबकच्या नळीचे तुकडे गुंडाळले असल्यास काढा. पाते हाताने वर-खाली हलत असेल तर बेअरिंग बदला.

8. आतील सफाई: साचलेल्या गवतामुळे पात्यांनी तयार होणारी हवा अडते आणि गवत उभे राहत नाही. प्रत्येक कामानंतर आतील भाग खरवडून साफ करा.

कापणी करताना

- दव उतरल्यावर, गवत कोरडे असताना कापणी करा.
- गुडघाभर गवत एकदम बुडाशी कापू नका. पहिली फेरी उंचावरून, दुसरी हव्या त्या उंचीवर घ्या.
- ठिबकच्या नळ्या उचलून बांधा. दगड, तारा आधी वेचा.
- खोडाजवळचे गवत हाताने काढा. यंत्र खोडाला घासल्यास साल निघते आणि त्या जखमेतून रोग शिरतो.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा 20 मीटरचा पट्टा कापून पाहा. सगळे एकदम बदलले तर नेमके कारण कळत नाही आणि पुढच्या हंगामात पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाला जाताना टेप व हवा मोजण्याचा गेज सोबत ठेवावा. पहिल्या दोन तपासण्या त्यावर शेतातच होतात.