ट्रकच्या इंजिनावरचा आकडा : ०.१५ कुठून आला?

रिमोटवर धावणाऱ्या छोट्या नायट्रो ट्रकचे इंजिन कधी ना कधी थकतेच. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यातली घट्ट बसण सैल होते, दाब धरला जात नाही, तापले की इंजिन बंद पडते. मग मालक नव्या इंजिनाच्या शोधात निघतो आणि त्याच्यापुढे ०.१२, ०.१५, ०.१८, ०.२१, ०.२८ असे आकडे उभे राहतात. त्यांतला मोठा आकडा उचलावा, असा मोह बहुतेकांना होतो. आजच्या धाग्यात या आकड्यांचा इतिहास पाहू. तो ठाऊक नसताना केलेली निवड पुष्कळदा गिअरपेटीच्या जिवावर बेतते.

आकडा घनइंचांतला आहे. एक घनइंच म्हणजे १६.३९ घनसेंटीमीटर, म्हणून ०.१५ म्हणजे सुमारे २.५ सीसी आणि ०.२१ म्हणजे सुमारे ३.५ सीसी. पण ट्रकच्या इंजिनाला हे माप कोणी दिले? ट्रक बनवणाऱ्यांनी नव्हे. ते विमानांकडून आले.

१९३० च्या दशकात अमेरिकेत बिल ब्राऊन या तरुणाने सुमारे १० सीसीचे चिमुकले पेट्रोल इंजिन घडवले. ते बसवलेली मॅक्सवेल बॅसेट याची विमाने १९३३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांना सहज मागे टाकून गेली. पुढे इंजिनाच्या विमानांसाठी वेगळा गट करावा लागला. मात्र या इंजिनाला ठिणगी लागे. ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी हे सारे बिऱ्हाड विमानाने पाठीवर वाहायचे.

ते बिऱ्हाड उतरवले रे आर्डेन यांच्या ग्लो प्लगने. तो १९४७ मध्ये बाजारात आला. त्यातले तत्त्व मात्र पुष्कळ जुने होते. १८१७ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी दाखवले होते, की ज्वलनशील वायू आणि हवा यांच्या मिश्रणात धरलेली प्लॅटिनमची तापलेली तार ज्योत नसतानाही लालबुंद राहते. १८२३ मध्ये डोबरायनर यांनी याच गुणावर आगकाडीविना पेटणारा दिवा बनवला. आर्डेन यांनी प्लॅटिनमयुक्त तारेचे वेटोळे सिलिंडरच्या माथ्यावर बसवले आणि पेट्रोलऐवजी मिथेनॉल वापरले. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने तार तापवायची. एकदा इंजिन धडधडू लागले, की सेल काढून घेतला तरी मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांची उत्प्रेरक क्रिया व ज्वलनाची उष्णता तारेला तप्त ठेवतात. कॉइल गेली, कंडेन्सर गेला, वजन उतरले. आजही ट्रकच्या इंजिनात तोच प्लग असतो.

तारेबरोबर एक बंधनही आले. ठिणगी हव्या त्या क्षणी टाकता येते. तारेला वेळ सांगता येत नाही. स्फोट केव्हा व्हावा हे इंधनाचे मिश्रण, दाब आणि प्लगची उष्णता यांवरच ठरते. या गोष्टीकडे आपण शेवटी परत येऊ.

आता आकड्यांकडे. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने, म्हणजे एफएआयने, वेगाच्या आणि मुक्त उड्डाणाच्या स्पर्धांसाठी २.५ सीसी ही कमाल मर्यादा घातली. रेडिओ-नियंत्रित कसरतींच्या विमानांसाठी ती दीर्घकाळ १० सीसी होती. ०.१५ आणि ०.६० ही मापे इतकी सार्वत्रिक झाली ती या नियमांच्या आधाराने. स्पर्धेत भाग घेणारा त्या रेषेच्या किंचित आत राहणारे मोठ्यात मोठे इंजिन मागे आणि कारखाने तेच बनवत. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत एअरोमॉडेलिंग केलेल्या वाचकांना २.५ सीसी हा आकडा ओळखीचा वाटेल. पुढे गाड्यांच्या शर्यतींत १:८ प्रमाणाच्या गटाला ३.५ सीसीची मर्यादा आली आणि ०.२१ हे तिथले माप ठरले.

गाडीत बसलेले विमानाचे इंजिन मात्र सुखी नव्हते. विमानाला पंख्याचा वारा आयता मिळतो आणि गती बराच वेळ एकसारखी असते. गाडी वळणावर मंदावते, लगेच उसळी घेते, धूळ खाते. म्हणून गाडीच्या इंजिनाच्या माथ्यावर भल्यामोठ्या पंखांची टोपी आली, क्लच आला, हवेची गाळणी आली.

१९९९ मध्ये टेक्सासच्या ट्रॅक्ससने टी-मॅक्स हा ट्रक बाजारात आणला, तेव्हा हा सारा वारसा एका यंत्रात एकत्र आला. चारही चाकांना जोर, दोन वेगांचा गिअर, पुढे आणि मागेही जाण्याची सोय. आणि इंजिन ०.१५ चे. विमानाच्या स्पर्धेसाठी ठरलेले माप चार किलोंच्या आसपासच्या, जाडजूड टायरांच्या ट्रकला ओढू लागले. मालकांना ते अपुरे वाटणे स्वाभाविक होते. इंजिन बदलण्याची खरी चढाओढ येथून सुरू झाली. एचपीआयने सॅव्हेज या ट्रकमध्ये थेट ०.२१ चे मोठे इंजिन बसवले, पण त्या इंजिनाभोवती अख्खा ट्रक नव्याने आखून. ट्रॅक्ससने दुसरी वाट धरली. बांधा लहान इंजिनाचाच ठेवून आधी २.५ आणि पुढे ३.३ सीसीची नवी इंजिने दिली. माझ्या मते ही दुसरी वाट अधिक शहाणपणाची होती, कारण तिने जुन्या ट्रकच्या मालकालाही वाऱ्यावर सोडले नाही.

बांध्याचा मुद्दा किरकोळ नाही. आकडा जुळला म्हणजे इंजिन बसते असे नाही. क्रँकशाफ्टचे टोक किती लांब, त्यावरचे आटे कोणते, हे आधी पाहावे लागते. फ्लायव्हील आणि क्लच त्यावरच बसतात. धूर बाजूने बाहेर पडतो की मागून, यावर सायलेन्सर चौकटीत मावेल की नाही हे ठरते. टी-मॅक्सच्या इंजिनामागे बॅटरीच्या कांडीने फिरवायची चालू करण्याची खास यंत्रणा होती. दुसऱ्या कंपनीचे इंजिन आणले, की ती बहुधा निरुपयोगी होई आणि मालक दोरी ओढत बसे. ०.२१ चे मोठे इंजिन चौकट कापून बसवणारेही होते. त्यांना जोर मिळे, पण तो ज्या दातेरी चाकांमधून जायचा ती ०.१५ च्या हिशेबाने घडलेली असत. मग एक उसळी आणि दाते साफ.

उरले इंधन. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा किलोंच्या आसपास आणि नायट्रोमिथेनला अवघी १.७ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी अधिक इंधन जाळता येते. अमेरिकी शौकिनांनी ते मनसोक्त वापरले आणि ट्रकसाठी २० टक्के नायट्रोचे इंधन सर्रास झाले. एफएआयने मात्र आपल्या वेगाच्या स्पर्धांत ठरावीक इंधन सक्तीचे केले : ८० भाग मिथेनॉल, २० भाग एरंडेल. हे तेच एरंडेल, जे पहिल्या महायुद्धातील फिरत्या इंजिनांच्या विमानांत वंगण म्हणून जाई; आणि जगाला त्याचा सर्वांत मोठा पुरवठा आज भारतच करतो. अशा रीतीने एकाच मापाच्या इंजिनांच्या दोन जाती झाल्या, एक नायट्रोवर वाढलेली आणि दुसरी त्याविना.

नायट्रोमिथेनचा दुसरा चेहरा १९५८ मध्ये दिसला. अमेरिकेत नायगारा फॉल्स आणि इलिनॉयमधील माउंट पुलास्की येथे ते वाहून नेणाऱ्या रेल्वेच्या टाकी-वाघिणींचे स्फोट झाले. तोवर ते साध्या द्रावकासारखे वाहिले जाई. युरोपीय संघाने पुढे त्याची गणना स्फोटकांच्या पूर्वद्रव्यांत केली. सर्वसामान्य ग्राहकासाठीची मर्यादा आधी ३० टक्के होती. फेब्रुवारी २०२१ पासून ती वजनाने १६ टक्के झाली. त्याहून तीव्र मिश्रण परवान्याविना घेता येत नाही.

त्याच सुमारास ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटरीने बाजाराचा मोठा भाग आधीच काबीज केलेला होता. कित्येक मालकांनी जुने इंजिन काढून त्या जागी मोटरच बसवली. धुराचा आणि त्या कर्कश आवाजाचा नाद असलेले तेवढे इंजिनाला चिकटून राहिले.

युरोपातील अशा मालकापुढे आजचा प्रश्न असा : २० किंवा २५ टक्के नायट्रोसाठी जुळवलेले इंजिन १६ टक्क्यांवर कसे चालवावे? ग्लो प्लगला वेळ सांगता येत नाही, हे आपण पाहिले. नायट्रो घटले की स्फोट उशिरा होतो आणि इंजिन सुस्तावते. ती उणीव दाब वाढवून भरून काढावी लागते. त्यासाठी तो इंजिनाचे डोके उघडतो, त्याखालच्या पातळ चकत्यांपैकी ०.१ मिलिमीटर जाडीची एक काढून ठेवतो आणि जरा अधिक उष्ण प्लग बसवतो. नवे इंजिन निवडताना तो घनइंचांच्या आकड्याआधी विक्रेत्याला विचारतो, की डोक्याखाली चकत्या किती आहेत.