दगडी वाट आणि चाकाची निवड



मुंबईहून कर्जतला जाताना नेरळ सुटले की भिवपुरी रोड स्टेशन लागते. तेथे उतरून पूर्वेकडे तोंड केले, तर सह्याद्रीची भिंत समोर उभी दिसते. भिवपुरी गाव त्या भिंतीच्या पायथ्याशी आहे, आणि तेथून कुसूर घाटाची जुनी वाट वर आंदर मावळात जाते. पायथ्याला एक दगडी तलाव आहे. पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी तो बांधविला. आता विचार करा, डोंगराच्या तळाशी एवढा तलाव कशाला? वर चढणारी आणि खाली उतरणारी तहानलेली जनावरे तेथे थांबत म्हणून. कोकणातले मीठ वर जायचे, देशावरचे धान्य खाली यायचे, आणि हा सारा माल बैलाच्या पाठीवरून. चाकाचे तेथे काही काम नव्हते.

चाक या वाटेला का घाबरले, ते आपण पाहू. कारण आज त्याच मुलखातल्या वाडीवस्तीवर आपले शिक्षक, दूधवाले, आरोग्यसेविका फटफटीवरून जातात. आणि बैलगाडीच्या चाकाला जो प्रश्न पडला होता, तोच त्यांच्या टायरला पडतो.

बैलगाडीचे चाक आठवा. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांवर पाटे आणि पाट्यांवर तापवून बसविलेली लोखंडी धाव. हे चाक मोठे असते, आणि त्यात शहाणपण आहे. लहान चाक धोंड्याला अडते, मोठे चाक त्यावरून चढून जाते. पण धाव आहे लोखंडाची. ती दगडाला दबत नाही. एका टोकावर टेकते आणि घसरते. बैलाचा खूर जागा शोधून पडतो, धाव जागा शोधू शकत नाही. म्हणून घाटात चाक आणायचे तर आधी वाट बदलावी लागली. खंडाळ्याच्या बोरघाटात गाड्यांजोगा रस्ता १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना खुला झाला. वळणे घेत घेत चढ सोपा केला, तेव्हा कुठे चाक वर गेले.

रेल्वेने तर हा प्रश्न फारच कठीण करून सोडविला. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, म्हणजे पकड आणखी कमी. बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढ, २५ बोगदे, आणि सर्वांत खडी चढण ३७ फुटांना एक फूट. एके वेळी चाळीस हजारांवर मजूर येथे राबत होते. पटकी आणि तापाने त्यांतले किती गेले, त्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत. मुख्य कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हेही १८५९ साली येथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले, आणि पुढे त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते कंत्राट तडीस नेले. आपल्या मुलामुलींना हे जरूर सांगा.

पण मला आज सांगावयाचे आहे ते इंजिनाविषयी. वाफेच्या इंजिनाला गिअर नसतो. मग चढावर जोर कसा वाढवायचा? उत्तर असे, की चाकच लहान करायचे. मेलगाडीच्या इंजिनाचे चाक मोठे. एका फेऱ्यात ते लांब पळते, पण ओढ कमी. घाटाच्या इंजिनाचे चाक लहान. वेग कमी, ओढ जास्त. शिवाय पाण्याची टाकी इंजिनाच्या अंगावरच ठेवली, म्हणजे तिचे वजन चाकांवर पडून पकड वाढते. नेरळहून माथेरानला जाणारी दोन फूट रुंदीची गाडी १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय घराण्याने ती बांधली. तेथे चढ २० फुटांना एक फूट! तिच्या जर्मन इंजिनांचे पुढचे-मागचे आस वळणावर थोडे सरकतील अशी योजना होती, म्हणून सहाही चाके रुळाला धरून राहत.

(भिवपुरीलाही एक चाक आहे बरे का. ठोकरवाडीच्या धरणाचे पाणी नळांतून खाली येते आणि टाटांच्या वीजघरातली चाके १९२२ सालापासून फिरवते. त्या चाकांना मात्र चढायचे नसते, म्हणून ती सुखी!)

आता फटफटीकडे येऊ. १८८८ साली बेलफास्टचा पशुवैद्य डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेची रबरी नळी बसविली, आणि धावेला जे जमत नव्हते ते रबराला जमले. टायर दगडावर दबतो, त्याच्या कंगोऱ्यांना मिठी मारतो. आपल्याकडे मद्रासची बुलेट १९५५ पासून, पुढे म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली. राजदूत खेड्यापाड्यांतल्या दूधवाल्यांची लाडकी झाली. अलीकडच्या डोंगरी गाड्यांत, म्हणजे २०१६ ची हिमालयन किंवा २०१९ ची एक्सपल्स, पुढचे चाक मुद्दाम २१ इंची दिले आहे. गाडीवानाची मोठ्या चाकाची अक्कल ती हीच.

टायर कोणता घ्यावा? उंच, विरळ गुट्ट्यांचा टायर दिसायला दांडगा, आणि चिखलात तो खरोखर कामाचा. पण कातळावर त्याच्या गुट्ट्या वाकतात व टोकांवरच उभ्या राहतात. दगडासाठी बसक्या, दाट गुट्ट्यांचा आणि मऊ रबराचा टायर चांगला. विलायतेत दगडधोंड्यांतून गाडी नेण्याच्या शर्यती १९०९ पासून चालू आहेत. तेथे असाच टायर वापरतात आणि मागच्या चाकात हवा पाच-सहा पौंडच ठेवतात. तुम्ही मात्र तसे करू नका. ती गाडी हलकी, स्वार उभा आणि वेग माणसाच्या चालीचा. आपल्या ट्यूबच्या गाडीवर दोन माणसे आणि दुधाचे कॅन असताना हवा फार उतरवली, तर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चेमटते, नाही तर टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह उपटतो. नेहमीपेक्षा चार-पाच पौंड कमी, तेही खडकाळ तुकड्यापुरते; डांबरी रस्त्यावर आल्यावर पुन्हा भरावी. कर्जत-खालापुरात चार महिने चिखल आणि आठ महिने दगड, तेव्हा एकच टायर घेणे असेल तर मी दगडाचा विचार आधी करीन. आणि शेवाळलेल्या काळ्या कातळावर कोणताच टायर टिकत नाही. तेथे उतरून गाडी ढकलावी, त्यात कमीपणा नाही.

गिअरचा हिशेब शिक्षकांनी वर्गात सायकल उलटी ठेवून करून दाखवावा. समजा, फटफटीच्या पुढच्या चक्राला १५ दात आणि मागच्याला ४५. पुढचे तीन वेळा फिरते तेव्हा मागचे एकदा. पुढे १४ दातांचे बसविले, तर प्रमाण ३.२१ होते, ओढ शेकडा सात वाढली. मागे ४८ दात लावले तरी जवळजवळ तेवढाच फरक. पुढचे चक्र स्वस्त, म्हणून मिस्त्री तेच सुचवतो. फुकट मात्र काही मिळत नाही. इंजिनाच्या ज्या फेऱ्यांत ताशी ४० किलोमीटर जात होता, त्यात आता ३७ जाल, आणि सपाटीवर पेट्रोल थोडे जास्त लागेल. ज्याचा निम्मा प्रवास हमरस्त्यावर आहे, त्याने एका दातापलीकडे जाऊ नये.

लोक चढाची काळजी करतात, पण माणसे दगावतात ती उतारावर. बोरघाटात उतरणारी गाडी बेफाम झालीच तर तिला वर चढत्या मार्गावर वळवून थांबविण्यासाठी वेगळे रूळ ठेवले आहेत. आपल्या पायवाटेवर तशी सोय नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवते. गिअर सोडून उतरणे तर कधीच नको. जुन्या राजदूतसारख्या दोन स्ट्रोकच्या गाडीत ही धरण कमी असते, शिवाय वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच जाते. लांब उतारावर मूठ सतत बंद ठेवली तर इंजिन कोरडे पडते. अधूनमधून थोडी मूठ द्यावी आणि मागच्या ब्रेकवर अधिक भिस्त ठेवावी.

कुसूर घाटाच्या जुन्या फरसबंदीवर मात्र फटफटी नेऊ नका. ते दगड खुरांसाठी बसविले आहेत. गाडी भिवपुरीत ठेवा, तलाव पाहा आणि पायीच चढा.