वाशीचा बाजारभाव संकेतस्थळावर आणताना

वाशीच्या घाऊक बाजारातील कांद्याचा भाव संकेतस्थळावर दाखवण्यासाठी आकडे रोज हाताने भरावे लागत नाहीत. केंद्र सरकारच्या ‘डेटा डॉट गव्ह डॉट इन’वर विविध बाजारांचे दैनंदिन भाव एपीआयद्वारे मिळतात. त्यासाठी नोंदणी करून ‘एपीआय की’ घ्यावी लागते. प्रत्येक विनंतीसोबत ती पाठवली, की विनंती कोणाची हे सर्व्हर ओळखतो. ही की ब्राउझरमधील जावास्क्रिप्टमध्ये ठेवल्यास कोणालाही दिसते. म्हणून ती सर्व्हरवर, कोडपासून वेगळी ठेवावी.

उत्तरात किमान, कमाल व सर्वसाधारण दर स्वतंत्र नावांनी येतात. पीएचपीत ही नावे ऑब्जेक्टला आयत्या वेळी प्रॉपर्टी म्हणून जोडता येतात. मात्र स्पेलिंग चुकल्यास मुकाट्याने नवीच प्रॉपर्टी तयार होई आणि पडद्यावर जुना दर राही. डिसेंबर २०२२ मधील ८.२ आवृत्तीपासून स्वतःच्या क्लासमध्ये असे घडल्यास पीएचपी इशारा देते.

प्रॉपर्टी आधीच घोषित करणे उत्तम. ‘गेट’ या मॅजिक मेथडने ती पुरवायची असल्यास क्लासवरील डॉकब्लॉकमध्ये ‘प्रॉपर्टी’ टॅगने नाव व प्रकार नोंदवावा. पीएचपी ही नोंद तपासत नाही. एडिटर मात्र ती वाचून चूक दाखवू शकतो. दर क्विंटलमागे आहे, हेही तेथेच लिहावे. अन्यथा पुढचा प्रोग्रॅमर तो किलोचा समजेल.