गडचिरोलीचा खर्रा, बफेलोचं रक्त

चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या बसस्टँडवर उतरलात तर पहिल्याच पानठेल्यावर कुणीतरी खर्रा घोटताना दिसेल. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालायचा आणि घासून घासून एकजीव करायचा. पुणे-मुंबईकडच्यांनी ‘मावा’ म्हणून ओळखावा असा हा पदार्थ. तो गाल आणि हिरडीच्या मधल्या फटीत धरतात, तासन् तास. काही वर्षांनी गालाची आतली बाजू ताठ होते, तोंड पूर्ण उघडत नाही. किती बोटं आत जातात, यावरून डॉक्टर अंदाज घेतात. आणि काहींच्या बाबतीत तिथेच एक जखम होते, जी भरतच नाही.

त्या जखमेचा तुकडा प्रयोगशाळेत जातो, तिथे त्यातला डीएनए वाचला जातो आणि त्याची एक अगडबंब फाइल होते. ती फाइल उघडून बसणाऱ्या माणसाला बायोइन्फर्मॅटिक्स सायंटिस्ट म्हणतात. (घरच्यांना हे काम समजावताना ‘कॅन्सरचं काम करतो, पण डॉक्टर नाही आणि कॉम्प्युटरवर बसतो, पण आयटीत नाही’ असं सांगावं लागतं.) या कामाचा इतिहास बहुतेकदा अमेरिकेपासून सांगितला जातो. मला तो परळपासून सांगावासा वाटतो.

१९४१ साली परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. जन्म १८९५ सालचा, मूळचे गोव्याचे. त्यांनी मुंबईतले तोंडाच्या कॅन्सरचे सलग एक हजार रुग्ण तपासले आणि १९४४ मध्ये त्यावर निबंध छापला. संगणकाचा प्रश्नच नव्हता, सगळं वहीत. गाठ नेमकी कुठे आहे, माणूस कुठल्या समाजाचा, तो काय चघळतो, कसं चघळतो. पुढच्याच वर्षी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेबरोबर त्यांनी सवयी आणि कॅन्सर यांच्या नात्यावर लिहिलं. खैनी ओठात धरणाऱ्यांना ओठाच्या आत आणि धोतर वर्षानुवर्षं घट्ट कसणाऱ्यांना कमरेवर. रोग जिथे उगवतो तिथे त्या माणसाचं रोजचं जगणं लिहिलेलं असतं, हे खानोलकरांनी मोजून दाखवलं. त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. केलेल्या कमल रणदिवे यांनी पुढे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. २०२१ मध्ये गूगलने त्यांचं डूडल केलं होतं, तुम्ही पाहिलं असेल.

खानोलकरांची पद्धत तुलनेची होती. हा माणूस आणि तो माणूस, यांच्यात फरक काय? आज पडद्यासमोर बसलेला सायंटिस्टही हेच करतो. फरक एवढाच की वहीच्या जागी तीन अब्ज अक्षरं आली. आणि तुलना कुणाशी करायची हा प्रश्न भलताच अवघड झाला.

मानवी जीनोमची जी ‘संदर्भप्रत’ जगभर वापरतात, तिची सुरुवात मार्च १९९७ मधल्या एका छोट्या जाहिरातीतून झाली. अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या वर्तमानपत्रात, तिथल्या एका कॅन्सर संस्थेसाठी, रक्तदाते हवेत म्हणून. त्या दात्यांपैकी एकाच अनाम माणसाचा डीएनए त्या संदर्भप्रतीचा सुमारे ७० टक्के भाग बनला. जगात कुठल्याही पेशंटची फाइल आधी या प्रतीशी जुळवली जाते.

आता तुमच्याआमच्यासारख्या कुणाही धडधाकट माणसाचा डीएनए तिच्याशी ताडला तर चाळीस-पन्नास लाख ठिकाणी वेगळा निघतो. यात रोग काही नाही, हे फक्त आपण वेगळ्या आईबापांची लेकरं असण्याचे फरक. कॅन्सरने केलेले फरक त्याच ढिगात मिसळलेले असतात. म्हणून जन्मजात फरक आधी वजा करायचे आणि जे उरेल ते संशयित धरायचं. या कामाचा अर्धा जीव या वजाबाकीत आहे.

वजाबाकीचा सर्वात भरवशाचा मार्ग म्हणजे त्याच पेशंटचं रक्तही वाचायचं. गाठीत आहे आणि रक्तात नाही, तो फरक गाठीचा. पण मग खर्च दुप्पट होतो, आणि पुष्कळदा हाती येतो तो फक्त मेणात जपून ठेवलेला गाठीचा जुना तुकडा. पेशंट केव्हाच गावी परतलेला किंवा गेलेला असतो. अशा वेळी निरोगी लोकांच्या तयार याद्यांवर भिस्त ठेवावी लागते. २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या ‘थाउजंड जीनोम्स’ या जगप्रसिद्ध यादीत २,५०४ माणसं आहेत. त्यात दक्षिण आशियाचे पाच गट आहेत: ह्यूस्टनमधले गुजराती, इंग्लंडमधले तेलुगू, इंग्लंडमधलेच श्रीलंकन तमिळ, लाहोरचे पंजाबी आणि बांगलादेशातले बंगाली. भारताच्या जमिनीवर घेतलेला नमुना एकही नाही. सिरोंच्यात तेलुगू बोलणारे शेकड्याने भेटतील, पण यादीतला तेलुगू माणूस ब्रिटनचा रहिवासी आहे.

भारतात हे काम चालू नव्हतं असं नाही. पुणे विद्यापीठात १९८७ पासून बायोइन्फर्मॅटिक्सचं केंद्र आहे, म्हणजे बहुतेक घरांत फोनही नव्हता तेव्हापासून. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम प्रकल्पाच्या भारतीय गटाने गाल आणि हिरडीच्या कॅन्सरचा जनुकीय नकाशा छापला. म्हणजे खर्रा जिथे धरतात, तीच जागा. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जीनोमिक्स संस्था आणि टाटा मेमोरियलचं खारघरचं संशोधन केंद्र यांचं हे काम. आधी ५० पेशंटांच्या गाठी आणि रक्त दोन्ही वाचलं, मग आणखी ६० जणांवर पडताळा घेतला. टीपी५३सारखी जुनी ओळखीची जनुकं सापडलीच, पण या कॅन्सरशी पूर्वी जोडली न गेलेली पाच जनुकंही सापडली. तोंडाचा कॅन्सर म्हणजे सगळीकडे एकच रोग नाही, ही खानोलकरांची गोष्ट आता अक्षरांच्या पातळीवर दिसू लागली.

तरी मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो २०१६ चा एक कमी गाजलेला निबंध. खारघरच्याच एका गटाने ६२ भारतीय पेशंटांच्या निरोगी पेशींमधले जन्मजात फरक गोळा करून १,१४,३०९ नोंदींची यादी केली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. मग जगाची यादी आधी वजा करून त्यावर ही भारतीय यादी लावून पाहिली. जिभेच्या कॅन्सरमधले ‘कॅन्सरचे’ म्हणून उरलेले खोटे फरक आणखी ४२ टक्क्यांनी कमी झाले. पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये ३३, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये २८ टक्क्यांनी. ज्यांना बिघाड समजलं जात होतं, त्यातलं पुष्कळसं नुसतं भारतीय असणं होतं. आणि हा परिणाम ६२ माणसांचा!

इथे मला पुन्हा बसस्टँडवर यावंसं वाटतं. महाराष्ट्रात सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेल्या आदिवासी जमाती तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यातल्या दोन या दोन जिल्ह्यांत राहतात. माडिया भामरागडकडे, कोलाम जिवती-राजुऱ्याच्या डोंगरांत. पिढ्यान् पिढ्या आपापल्यात लग्नं करणाऱ्या छोट्या समाजांत काही जन्मजात फरक असे साठतात, जे बाहेर क्वचितच दिसतात. म्हणजे वजाबाकी चुकण्याची शक्यता जिथे सर्वात जास्त, तिथलीच माणसं यादीत सर्वात कमी.

आणि यादी सोडा, साध्या मोजणीतही ती निसटतात. मुंबईची कॅन्सर नोंदवही १९६३ पासूनची, नागपूरची १९८० पासूनची. १९८७ मध्ये बार्शीत देशातली पहिली ग्रामीण नोंदवही सुरू झाली. पण अशी वही त्या हद्दीत राहणाऱ्यांचीच नोंद ठेवते. भामरागडचा माणूस एसटी बदलत नागपूरच्या तुकडोजी हॉस्पिटलात पोचला, तिथे उपचार घेतले, तरी नागपूरच्या वहीत तो बसत नाही, कारण तो नागपूरचा नाही.

याचा अर्थ जंगलात जाऊन रक्ताच्या बाटल्या भरून आणाव्यात असा नाही. ‘तुमचा नमुना द्या, विज्ञानाला मदत होईल’ हे वाक्य माडियात कसं म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याने ‘मला काय मिळणार?’ विचारलं तर काय सांगायचं, याचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नाही. ते ज्यांच्याकडे असू शकतं अशी माणसं तिथे आहेत. धानोरा तालुक्यातली ‘सर्च’ १९८० च्या दशकापासून गावांत काम करते आहे आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’मधून दारूबरोबर खर्‍यामागेही लागली आहे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. अभ्यासणारा आणि ज्याचा अभ्यास होतो तो, दोघं एकाच तालुक्यातले असू शकतील अशी सोय आता तरी झाली आहे.

जानेवारी २०२५ मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने ८०हून अधिक समाजगटांतल्या दहा हजार भारतीयांच्या जीनोमचा साठा संशोधकांसाठी खुला केला. त्यात आदिवासी गटही आहेत. आता चंद्रपूरच्या गाठीची फाइल उघडणाऱ्याला बफेलो आणि ह्यूस्टनच्या पुढे जाऊन देशातल्याच माणसांशी ताडून बघता येईल. वजाबाकी केल्यावर दोनशे फरक उरायचे तिथे कदाचित सव्वाशे उरतील. मग त्या सव्वाशेंतला खर्‍याने केलेला कुठला, हे शोधायला बसायचं.