लामार बफेलो रँच

लामार बफेलो रँच : अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या ईशान्य भागातील निवासी निसर्गशिक्षण केंद्र. ते वायोमिंग राज्यात, लामार नदीच्या रुंद गवताळ खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मी. उंचीवर वसले आहे. रस्त्याच्या कडेला ओंडक्यांच्या मोजक्या इमारती आणि पाठीमागे चढत गेलेला डोंगरउतार, एवढाच त्याचा पसारा.

शिक्षणकेंद्र होण्याआधी ही जागा बायसन वाचवण्यासाठी उभी राहिली. बायसन हा आपल्याकडच्या गव्याचा उत्तर अमेरिकी भाऊबंद. एकोणिसाव्या शतकातील बेफाम शिकारीनंतर १९०२ च्या सुमारास यलोस्टोनमध्ये जेमतेम दोन डझन रानटी बायसन उरले होते. त्या वर्षी खासगी कळपांतून २१ जनावरे विकत आणण्यात आली आणि १९०७ मध्ये तो कळप लामार खोऱ्यात हलवण्यात आला. गवत पेरणे, कापणे, हिवाळ्यासाठी साठवणे, घोड्यांवरून कळप हाकणे अशी गुरे पाळण्याची सारी कामे येथे चालत. कळपाची संख्या हजारावर गेली. पुढे पाळीव आणि रानटी कळप एकमेकांत मिसळले, प्राण्यांना नैसर्गिक स्थितीत राहू द्यावे हा विचार रुजला आणि १९५२ मध्ये रँचचे काम थांबले. १९८२ मध्ये या इमारतींची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक वारसास्थळांच्या यादीत झाली.

यलोस्टोन असोसिएशन या संस्थेने १९७६ मध्ये प्रौढांसाठी निसर्गवर्ग सुरू केले आणि कालांतराने रँच हे त्यांचे मुख्य ठिकाण झाले. २०१६ पासून ही जबाबदारी ‘यलोस्टोन फॉरेव्हर’ या संस्थेकडे आहे. शाळकरी मुलांसाठी उद्यान प्रशासनाचा ‘एक्स्पिडिशन : यलोस्टोन’ हा उपक्रम आहे. त्यात चौथी ते आठवीचे विद्यार्थी आपल्या शिक्षकांसह काही दिवस मुक्कामाला येतात.

सोयी साध्या आहेत. झोपायला लहान लाकडी खोल्या, सर्वांसाठी मिळून एक स्नानगृह, एक वर्गखोली आणि सामाईक स्वयंपाकघर. उपाहारगृह नाही. शिधा सोबत आणून ज्याने त्याने आपले रांधायचे. रात्री स्नानगृहाकडे जाताना हातात विजेरी लागते, कारण अंगणात बायसन उभा असू शकतो. विजेच्या तारा येथवर पोहोचलेल्या नाहीत. पूर्वी सारी भिस्त प्रोपेनवर चालणाऱ्या जनरेटरवर होती. २०१५ मध्ये सौर पॅनेलांना टोयोटाच्या कॅमरी हायब्रिड मोटारींतून काढलेल्या २०८ जुन्या बॅटऱ्यांची जोड मिळाली. त्यांत ८५ किलोवॅट-तास वीज साठते. मोटारीच्या कामातून निवृत्त झालेल्या बॅटरीतही बराच जीव शिल्लक असतो, हा धडा येथे दिव्याच्या उजेडातच शिकायला मिळतो. निसर्गशिक्षणाच्या नावाखाली डोंगरात वातानुकूलित इमारती बांधणाऱ्यांनी ही व्यवस्था आवर्जून पाहावी.

मैदानी उपक्रमांत पहिला मान लांडगे पाहण्याचा. यलोस्टोनमधील शेवटचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले होते. १९९५ मध्ये कॅनडातून १४ आणि पुढच्या वर्षी १७ लांडगे आणण्यात आले. त्यांना नव्या मुलखाची सवय व्हावी म्हणून आधी मोठ्या जाळीदार कुंपणांत ठेवले. त्यांपैकी रोझ क्रीकचे कुंपण रँचच्या मागच्या डोंगरात होते आणि विद्यार्थी आजही तेथवर चढून जातात. पहाटे अंधार असतानाच गट बाहेर पडतो, तिपाईवर दुर्बिणी लावतो आणि गप्प उभा राहतो. खोरे उघडेबोडके असल्याने लांडगे, एल्क हरणे आणि बायसन यांची हालचाल दोन-तीन किलोमीटरांवरूनही दिसते. जगात फार थोड्या ठिकाणी शिकारी आणि सावज इतके सलग पाहता येतात. कित्येकदा तासन्‌तास काहीच घडत नाही. तो वेळही अभ्यासाचाच आहे आणि मुलांना तो द्यायलाच हवा.

याखेरीज ऋतूनुसार रानफुले, पक्षी, पाऊलखुणा व विष्ठेवरून प्राणी ओळखणे यांचे वर्ग असतात. जवळच्या स्पेसिमेन रिजवर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या गाळाराखेत गाडल्या गेलेल्या झाडांचे दगड झालेले बुंधे पाहता येतात. एप्रिल-मे महिन्यांत बायसनची तांबूस वासरे जन्मतात. जुलै-ऑगस्टमध्ये माजावर आलेल्या नरांच्या टकरी व डुरकण्या खोरेभर ऐकू येतात. हिवाळ्यात स्नोशू आणि स्की घालून बर्फावरून भटकंती होते.

सुरक्षिततेचे नियम कडक आहेत. अस्वल व लांडगा यांपासून निदान ९१ मी., तर बायसन आणि इतर प्राण्यांपासून २३ मी. अंतर राखावे लागते. सुस्त दिसणारा बायसन ताशी सुमारे ५५ किमी. वेगाने धावू शकतो. रानात हिंडताना प्रत्येक गटाजवळ अस्वलांना परतवणारा मिरचीचा फवारा असतो.

गार्डिनर ते कुक सिटी हा रस्ता यलोस्टोनमध्ये मोटारींसाठी वर्षभर खुला राहणारा एकमेव मार्ग असून रँच त्याच्यावरच आहे. जून २०२२ मधील महापुरात तो ठिकठिकाणी वाहून गेला. दुरुस्तीनंतर त्याच वर्षी हिवाळ्यापूर्वी तो पुन्हा सुरू झाला. रँचवर मुक्काम वर्गासाठी नाव नोंदवलेल्यांनाच करता येतो. जाणाऱ्यांनी उन्हाळ्यातही गरम कपडे न्यावेत, कारण जूनमध्येसुद्धा रात्री पारा गोठणबिंदूपर्यंत उतरतो.