खेळातला पाऊस

पनवेलला राहणाऱ्या माणसाला पाऊस म्हणजे काय हे कुणी सांगायला नको. आमच्या रायगड जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. न वाळणारे कपडे, बुरशी धरलेल्या चपला, ऐन स्वयंपाकाच्या वेळी गेलेली लाइट... सगळे ओळखीचे. पण गेले दोन पावसाळे मी आणखी एक पाऊस बघते आहे. तो नातवाच्या कॉम्प्युटरवर पडतो!

हसू नका मंडळी. ३२ वर्षे शाळेत इतिहास-भूगोल शिकवल्यामुळे कुठलीही गोष्ट दिसली की ‘हे केव्हा सुरू झाले आणि का?’ हा प्रश्न पडतोच. नातवाला विचारून विचारून भंडावून सोडले, तेव्हा तोही जुने जुने खेळ शोधून दाखवू लागला. त्यातून जे हाती लागले ते लिहून ठेवते.

पहिला लक्षात राहिलेला पाऊस १९९१ सालचा. निन्टेंडो या जपानी कंपनीचा ‘झेल्डा’ मालिकेतला ‘अ लिंक टू द पास्ट’ हा खेळ. सुरुवातच रात्रीची आणि धो धो पावसातली. नायक अंथरुणातून उठतो, त्याचा काका तलवार घेऊन बाहेर पडतो आणि हा पोरगा त्याच्या मागोमाग पावसातून किल्ल्याकडे निघतो. राजकन्येला सोडवून देवळात सुखरूप पोचवले की पाऊस थांबतो. त्या काळच्या यंत्राची ताकद ती केवढी! त्यामुळे मूळ चित्रावर रेघारेघांचे दुसरे चित्र ठेवायचे आणि ते भराभर सरकवायचे, की झाला पाऊस. आमच्या गावच्या नाटकात विंगेत पत्रा हलवून ढगांचा गडगडाट करत, त्यातलाच हा प्रकार. पाऊस म्हणजे नेपथ्य.

यंत्राचा कमकुवतपणा झाकायलाही हवामान कामी आले. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’ या भुताखेतांच्या खेळात गावभर दाट धुके आहे. लांबचे देखावे भराभर काढणे त्या यंत्राला झेपत नव्हते, म्हणून धुके आणले. पण लोकांना भीती वाटली ती त्या धुक्याचीच! २००२ च्या ‘व्हाइस सिटी’ या (गुंडांच्या) खेळात सुरुवातीला शहराचे पूल बंद असतात. कारण काय, तर वादळाचा इशारा. खरे कारण एवढेच की खेळणाऱ्याने लगेच पलीकडे जाऊ नये. पावसाळ्यात पूल बंद होणे आपल्याला नवे नाही, पण इथे पूल बंद ठेवण्यासाठी वादळ बोलावले होते.

१९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’ या झेल्डाच्याच खेळात तर नायक बासरीसारख्या वाद्यावर एक धून वाजवतो आणि पाऊस सुरू होतो. हे बघून मी नातवाला तानसेन आणि मल्हार रागाच्या आख्यायिका सांगितल्या. तो म्हणाला, “म्हणजे हे आपल्याकडून चोरलंय?” तसे काही नाही हो. पाऊस आपल्या हुकमाने यावा ही इच्छा सगळ्याच मुलखातली आहे.

माझा आवडता पाऊस मात्र शेतीच्या खेळातला. १९९६ साली यासुहिरो वाडा या जपानी गृहस्थांनी ‘हार्वेस्ट मून’ नावाचा खेळ काढला. हे जपानच्या दक्षिणेकडच्या मियाझाकीत खेड्यात वाढलेले आणि मग नोकरीसाठी टोकियोला आलेले. तोवर बहुतेक खेळांत मारामारी. यांनी नांगरणी, पेरणी, गाईगुरे आणली. रोज झारीने पिकाला पाणी घालायचे, आणि पाऊस आला की त्या दिवशी ते काम वाचायचे! खेळातला पाऊस माणसाच्या उपयोगी पडला तो असा. त्याच वळणावर एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चार-साडेचार वर्षे एकट्याने खपून २०१६ साली ‘स्टार्ड्यू व्हॅली’ आणला. त्यात घरचा टीव्ही लावला की उद्याचे हवामान कळते, आणि ते सहसा चुकत नाही. (आपल्या वेधशाळेने हेवा करावा असे!) पण या खेळांत पाऊस लांबला म्हणून पेरणी वाया गेली, दुबार पेरणी करावी लागली, असे होत नाही. झारी हाताशी असतेच.

२०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये पाऊस पहिल्यांदा मला खरा वाटला. त्यात डोंगरकडे चढायचे असतात. पाऊस आला की दगड निसरडे होतात आणि चढणारा घसरत खाली येतो. पेटवलेला जाळ विझतो. विजा चमकू लागल्या तर अंगावरची लोखंडी हत्यारे उतरवून ठेवावी लागतात, नाहीतर वीज पडलीच. कर्नाळ्याच्या किल्ल्यावर पावसाळ्यात गेलेल्या कुणालाही हे सांगायला नको. शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवण्यापूर्वी माणूस थांबतो आणि पुढचा दगड निरखतो. नातू खेळताना तसाच थांबला तेव्हा मला बरे वाटले. हा पाऊस नुसता दिसत नव्हता, तो विचार करायला लावत होता.

मग साहजिकच मी विचारले, आपला पाऊस कुठल्या खेळात आहे? नातवाने २०१८ चा ‘हिटमॅन २’ दाखवला. डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्ह कंपनीचा. त्यात एक अख्खा भाग मुंबईत घडतो. झोपडपट्टी आहे, अर्धवट बांधलेला टॉवर आहे, सिनेमाचे शूटिंग आहे, पण पाऊस नाही. उन्हात तापलेली, धुरकट मुंबई. त्याच कंपनीने २०२१ च्या पुढच्या खेळात चीनमधले चोंगचिंग शहर दाखवले, ते मात्र रात्रीच्या पावसात चिंब, दिव्यांच्या रंगांनी चमकणारे! लांबून बघणाऱ्याला मुंबई म्हटले की ऊन आणि गर्दी आठवत असावी. जून ते सप्टेंबर या शहराचे काय होते, ते इथे राहिल्याशिवाय कळायचे नाही.

आता वादळाकडे येते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. घरांची छपरे उडाली, विजेचे खांब पडले, श्रीवर्धनकडच्या पोफळीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या. पोफळीचे झाड धरायला वर्षे लागतात. ज्यांच्या बागा गेल्या त्यांचे पुढच्या कित्येक वर्षांचे उत्पन्न एका दुपारी गेले. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १८ ऑगस्टला, मायक्रोसॉफ्टचा विमान चालवण्याचा नवा खेळ आला. त्यात स्वित्झर्लंडच्या मेटिओब्लू कंपनीकडून जगभरचे त्या त्या वेळचे हवामान येते. जिथे खरे ढग, तिथे खेळातही ढग. नऊ दिवसांनीच अमेरिकेच्या लुइझियाना किनाऱ्यावर ‘लॉरा’ चक्रीवादळ धडकले, आणि लोकांनी घरबसल्या आपापली विमाने त्या वादळात नेली! चित्रे काढली, एकमेकांना दाखवली.

हे ऐकून पोटात कसेसेच झाले. हा खेळ अडीच महिने आधी आला असता, तर कुणीतरी श्रीवर्धनच्या बागांवरून विमान फिरवून ‘काय सुंदर!’ म्हटले असते. अर्थात नुसता त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आमच्या गाढी नदीला पूर आला की पुलावर बघ्यांची गर्दी होतेच, आणि तेव्हा तर कॉम्प्युटर नव्हते. बघावेसे वाटणे हा माणसाचा स्वभाव आहे. पण पुलावर उभ्या असलेल्याच्या पायाखाली तरी पूल थरथरतो.

२६ जुलै २००५ कोण विसरेल? २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. महाडकडे जुई, दासगाव इथे दरडी कोसळून घरेच्या घरे गाडली गेली. पनवेलमध्येही पाणी भरले. त्या रात्री आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर चाळीसेक मुले अडकली होती आणि आम्ही चार शिक्षक. लाइट नव्हती. बिस्किटांचे पुडे वाटून खाल्ले आणि मध्यरात्रीपर्यंत गाण्याच्या भेंड्या खेळवल्या. पाचवीतला एक मुलगा सारखा विचारत होता, “बाई, हा थांबणार कधी?” राजकन्या देवळात पोचली की थांबेल असे सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. मी म्हटले, “चल, ‘म’ अक्षर आलंय.” सकाळी पाणी ओसरल्यावर एकेक पालक येत गेले. वर्गात मुले मोजायची सवय होती, पण त्या दिवशी मोजली तशी कधी मोजली नाहीत.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवरचा खेळ काढला, तो जगभर खेळला गेला. म्हणजे आपल्या मुलांना हे जमते. त्यांच्यापैकी कुणीतरी आपल्या पावसाचा खेळ करावा. त्यातल्या ढगांना सह्याद्री माहीत असावा. पनवेलला ओतून घाटापलीकडे पर्जन्यछायेत गेले की त्यांनी हात आखडावा. मे महिन्यात राब भाजून ठेवायचे आणि आभाळाकडे डोळे लावून बसायचे. मृग कोरडा जावा, आर्द्रा लागेपर्यंत जीव टांगणीला. नातू म्हणाला, “आजी, नुसती वाट बघायचा खेळ कोण खेळणार?”

त्याचेही बरोबर आहे. पण पनवेल तालुक्यात शेते कमी आणि इमारती जास्त झाल्या आहेत. उलव्याच्या बाजूला २०२५ साली विमानतळाचेही उद्घाटन झाले. पावसाची वाट बघणे म्हणजे काय, हे पुढच्या मुलांना कुठे कळणार? पुस्तकात कळेल, आजी-आजोबा असेतो त्यांच्याकडून कळेल... आणि कदाचित एखाद्या चांगल्या खेळातून.

असो. तुमच्या घरातल्या मुलांना विचारा, त्यांच्या खेळात पाऊस पडतो का, आणि पडला की काय बदलते? परदेशातल्या भाचरांनीही जरूर कळवा. इथे आता ढग भरून आलेत. गच्चीवरचे कपडे काढायला हवेत.