एका दमाचं सुवर्ण

१९९० सालचा ऑक्टोबर महिना. मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि बोनकोड्यात मामूंकडे राहत होतो. गावची शेतं सिडकोकडे गेली होती, कोपरखैरण्याच्या अंगाला नवी वस्ती उठत होती. पण संध्याकाळ झाली की गावातली आगरी पोरं मोकळ्या जागेत पायानं रेघा ओढत आणि कबड्डीचा डाव मांडत. मामूंचं सायकल दुरुस्तीचं दुकान तिथंच होतं. तरुणपणी ते स्वतः हुतुतू खेळलेले, डाव्या कोपऱ्याला.

दुकानातल्या रेडिओवर बीजिंगच्या आशियाई स्पर्धांचा हिशेब सांगत होते. यजमान चीनला १८३ सुवर्णपदकं. भारताला ८ रौप्य, १४ कांस्य आणि सुवर्ण फक्त १. आठ वर्षांपूर्वी दिल्लीत आपण १३ सुवर्णं मिळवली होती. १९८६ला सोलमध्ये ५ मिळाली, त्यांतल्या चारांत पी. टी. उषा होती. आणि आता हे एक, कबड्डीचं. संघात आपला अशोक शिंदे होता.

मी शहाणपणानं म्हणालो, "एकच, आणि तेही हुतुतूत!"

मामूंनी हातातला पाना खाली ठेवला. "एका दमात किती वेळा कबड्डी म्हणतोस, म्हण बघू. आणि उभ्यानं नको. धावत म्हण."

माझा दम कितीव्या कबड्डीला सुटला ते सांगत नाही. दुकानातली दोन पोरं हसली एवढं पुरे.

माझ्या बोलण्यात तथ्य अगदीच नव्हतं असं नाही. बीजिंगचं रौप्य बांगलादेशला गेलं, कांस्य पाकिस्तानला. म्हणजे तिन्ही पदकं १९४७ आधीच्या एकाच देशात आली! चीन, जपान, नेपाळ खेळले खरे, पण खेळ आपल्याच अंगणातला. आपण हुतुतू म्हणायचं, बंगालनं हाडुडू, तमिळ मुलखानं चेडुगुडू. जिथं नावच एक नव्हतं तिथं नियम एक करायचे म्हणजे माणसांनी आयुष्यं घालवावी लागली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ करून दाखवला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी हा खेळ जन्मभर डोक्यावर घेतला. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९७२ला राष्ट्रीय महासंघ झाला. १९८२च्या दिल्ली आशियाडमध्ये कबड्डी नुसती प्रदर्शनापुरती होती. पदकासाठी ती पहिल्यांदा खेळली गेली बीजिंगमध्येच. या सगळ्यातलं मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं.

बीजिंग धरून २०१४पर्यंत पुरुषांनी ओळीनं सात सुवर्णं आणली. २०१० पासून महिलाही उतरल्या. २०१४ला इंचॉनमध्ये आपल्या अभिलाषा म्हात्रेच्या संघानं अंतिम सामन्यात इराणला ३१-२१ हरवलं. पुरुषांनाही इराणच भेटला होता, आणि तिथं फरक अवघा दोन गुणांचा, २७-२५. तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

२०१८ला जकार्तात उपांत्य सामन्यात इराणनं आपल्या पुरुषांना २७-१८ असं लोळवलं. कांस्य. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, महिला अंतिम सामना २७-२४ हरल्या. तोही इराणशीच. आणि इराणच्या मुलींना शिकवणाऱ्या बाई कोण? नाशिकच्या शैलजा जैन.

मला त्या दिवशी दुःख झालं आणि, खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला. अंगणातला खेळ म्हणून मी ज्याला हिणवलं, तो नाशिकच्या बाईंनी तेहरानला नेऊन पोचवला होता. हे मामूंना सांगायला हवं होतं. पण ते तोवर गेले होते.

पुढची स्पर्धा हाँगझोऊची, कोविडमुळे वर्षभर लांबलेली. ७ ऑक्टोबर २०२३. बीजिंगचा समारोपही ७ ऑक्टोबरलाच झाला होता. सकाळी महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असं एका गुणानं हरवलं. पुरुषांच्या अंतिम सामन्यात पुन्हा इराण. गुण २८-२८ असताना नियमावरून वाद पेटला आणि खेळ जवळजवळ तासभर थांबला. शेवटी ३३-२९. आपण जिंकलो.

तो थांबलेला तासभर मी टीव्हीसमोरून हललो नाही. नातू विचारत होता, "दादा, चढाई करणारा तोंडानं काय म्हणतो?" मी म्हणून दाखवायला लागलो. पाचव्या कबड्डीलाच खोकला आला.